फिशिंग ई-मेलमध्ये गेलेले पैसे परत मागताना: १९३०, बँक आणि लोकपाल यांचा परखड आढावा

फिशिंग ई-मेलमधल्या, म्हणजे बँक किंवा सरकारी खात्याचा आव आणणाऱ्या बनावट ई-मेलमधल्या, लिंकवर माहिती भरली आणि खात्यातून पैसे गेले, तर ते परत मागण्यासाठी आपल्याकडे बरीच दारं आहेत. १९३० ही हेल्पलाइन, सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल, आपली बँक, पोलीस ठाणं, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, त्यापुढे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली भरपाईचे दावे ऐकणारा अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसर आणि ग्राहक आयोग. लोक या सगळ्यांकडे एकच अर्ज घेऊन फिरतात आणि थकतात. प्रत्यक्षात प्रत्येकाचं काम वेगळं आहे. १९३० पैसे अडवते, परत देत नाही. बँक परत देऊ शकते, पण ते नियमात कुठे बसतं हे दाखवून दिलं तर. लोकपाल बँकेची चूक झाली का एवढंच बघतो, चोराशी त्याला देणंघेणं नाही. चोर शोधायचं काम पोलिसांचं, आणि अडवलेली रक्कम सोडवायलाही त्यांचाच कागद लागतो.

यांतली सगळ्यात चांगली सेवा १९३० आणि सगळ्यात कमजोर कडी बँकेच्या शाखेतला काउंटर, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण पैसे मिळणार की नाही हे बहुतेक वेळा त्याआधीच ठरलेलं असतं. बँकेला दिलेल्या पहिल्या लेखी तक्रारीत तुम्ही प्रत्येक व्यवहार सुटा करून मांडला की ‘माझी फसवणूक झाली, माझे सगळे पैसे परत द्या’ एवढंच लिहिलं, यावर पुढचं सगळं उभं राहतं. म्हणून आधी त्या फसवणुकीत आतून काय घडतं ते बघू.

एका ई-मेलमागे काय काय होतं

आयकर विवरणपत्रं भरण्याच्या दिवसांत ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खातं पडताळून घ्या’ असे ई-मेल आणि संदेश फिरतात. १५,४९० रुपयांचा परतावा मंजूर झाल्याचा असाच एक संदेश खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) तथ्यतपासणी विभागाने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी आयकर खात्याचं नाव दिसतं, त्यामागचा खरा पत्ता भलताच असतो. लिंक उघडली की बँकांच्या बोधचिन्हांची रांग येते, आपली बँक निवडली की तिच्यासारखंच पान उघडतं. तिथे ग्राहक क्रमांक, पासवर्ड, डेबिट कार्डाचा क्रमांक आणि मुदत, आणि शेवटी ओटीपी मागतात.

खरी मेख ओटीपीच्या पानावर आहे. तुम्ही ओटीपी भरता, पान म्हणतं ‘चुकीचा ओटीपी, पुन्हा टाका’. दुसरा येतो, तोही ‘चुकीचा’ ठरतो. तिसरा येतो. यातला एकही चुकीचा नसतो. पहिल्याने समोरचा माणूस त्याच्या फोनवर तुमच्या बँकेचं ॲप नोंदवतो, दुसऱ्याने नवा लाभार्थी जोडतो किंवा दिवसाची मर्यादा वाढवतो, तिसऱ्याने पैसे पाठवतो. एकदा त्याच्या फोनवर ॲप चालू झालं की पुढचे व्यवहार तो स्वतः ठरवलेल्या पिनवर करू शकतो, तुमच्या ओटीपीची त्याला गरजच उरत नाही.

म्हणून ‘ग्राहकाने ओटीपी दिला’ हे बँकेचं एका ओळीचं उत्तर अर्धवट असतं. कोणता ओटीपी, कशासाठी पाठवलेला, किती वाजता, आणि त्यानंतरचे कोणते व्यवहार ओटीपीशिवाय झाले, हे प्रश्न त्या ओळीत गडप होतात. ओटीपीच्या एसएमएसमध्ये तो कशासाठी आहे हे बहुतेक बँका लिहितात. तो मजकूर तुमचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. घाबरून किंवा लाजेपोटी ते एसएमएस खोडून टाकणारे लोक स्वतःच्या हाताने आपला दावा कमकुवत करतात.

रिझर्व्ह बँकेचा नियम, शब्दांत न अडकता

ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत नुकसान कोणी सोसायचं, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं. सहकारी बँकांसाठी त्याच धर्तीचं परिपत्रक १४ डिसेंबर २०१७ ला निघालं, त्यामुळे ‘आम्ही नागरी सहकारी बँक, आम्हाला हे लागू नाही’ असं कोणी म्हणालं तर ते मानू नका. पतसंस्थेची गोष्ट मात्र वेगळी. ती बँक नाही, रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत येत नाही, तिथे सहकार निबंधकाकडेच जावं लागतं.

चूक किंवा हलगर्जी बँकेची असेल, तर ग्राहकाने कळवलं असो वा नसो, त्याची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, मध्येच कुठेतरी भोक पडलं, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर व्यवहारामागे ठरावीक रकमेपर्यंत: मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये, साधं बचत खातं किंवा ५ लाखांपर्यंत मर्यादेचं क्रेडिट कार्ड असेल तर १०,०००, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला २५,०००. व्यवहाराची रक्कम यापेक्षा कमी असेल तर तेवढीच. ७ दिवसांपलीकडे बँकेच्या संचालक मंडळाचं धोरण लागू होतं.

आणि ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे, म्हणजे गुप्त माहिती त्यानेच दिल्यामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं सगळं बँकेचं. फिशिंगची बहुतेक प्रकरणं बँका याच कलमात ढकलतात. हे वाचून लोक नाउमेद होतात, पण याच परिपत्रकात आणखी एक वाक्य आहे: ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. तक्रारीत हे वाक्य शब्दशः घाला. शाखेत ते कोणी तुम्हाला सांगणार नाही.

दिवस मोजतानाही गोंधळ होतो. संदेश मिळाल्याचा दिवस धरायचा नाही, आणि कामकाजाचे दिवस तुमच्या मूळ शाखेचे धरायचे. शुक्रवारी रात्री संदेश आला आणि दुसरा दिवस महिन्यातला दुसरा शनिवार असेल, तर शनिवार-रविवार सोडून सोमवार पहिला, बुधवार तिसरा. ही सवलत कागदोपत्री मुदतीपुरती समजा. पैसे अडवायचे असतील तर दिवस नाही, मिनिटं मोजावी लागतात.

पहिला तास: १९३०

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राची ही हेल्पलाइन २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने सुरू झाली, पुढच्या वर्षी क्रमांक १९३० झाला. तुमची तक्रार एका यंत्रणेत भरली जाते, तिथून ती पैसे गेलेल्या बँकेकडे पोचते. त्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर तिच्यावर होल्ड लागतो, म्हणजे ती काढता येत नाही. पुढे गेली असेल तर ती बँक पुढच्या खात्याची माहिती यंत्रणेत भरते आणि साखळी पुढे सरकते. या साखळीतल्या प्रत्येक टप्प्याला पोलीस लेयर म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या लेयरनंतर पैसे एटीएममधून निघतात किंवा क्रिप्टोत जातात, आणि मग अडवायला काही उरत नाही. म्हणून शाखा उघडायची वाट बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

फोन लावण्याआधी बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डामागच्या क्रमांकावर फोन करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड तिन्ही बंद करा. नुसतं कार्ड बंद केलं आणि नेटबँकिंग चालू ठेवलं तर समोरच्याच्या फोनवरचं ॲप चालूच राहतं. त्याच्या सांगण्यावरून तुमच्या फोनवर स्क्रीन दाखवणारं एखादं ॲप घेतलं असेल, तर फोन विमान मोडवर टाका आणि बाकी सगळं दुसऱ्याच्या फोनवरून करा. मग ई-मेलचा पासवर्ड बदला आणि सेटिंगमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग तपासा. बँकेकडून येणारे ई-मेल आपोआप कचऱ्यात टाकणारा फिल्टर तिथे लावून ठेवलेला असू शकतो, आणि तो राहिला तर तक्रारीला आलेलं बँकेचं उत्तरही तुम्हाला दिसणार नाही.

१९३० वर मोबाइल क्रमांक, बँकेचं नाव, खातं किंवा कार्ड क्रमांक, व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहार क्रमांक विचारतात. घोळ होतो तो इथे. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक १२ अंकी असतो, एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा, आरटीजीएसचा २२. लोक घाईत ॲपमधला भलताच ऑर्डर क्रमांक सांगतात आणि बँकेला व्यवहार सापडत नाही. क्रमांक मिनी स्टेटमेंटमधून किंवा एसएमएसमधून वाचा. दुसरा घोळ, पाच व्यवहार झाले असताना सगळ्यात मोठा तेवढाच नोंदवायचा. उरलेले चार कोणी शोधत नाही. पाचही क्रमांक द्या आणि पाचही नोंदले गेले का हे विचारून घ्या.

फोन झाला की पोचक्रमांक येतो. काम तिथे संपत नाही. तोच क्रमांक वापरून पोर्टलवर, म्हणजे सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पत्त्यावर, २४ तासांत पूर्ण तक्रार भरायची असते. फोन लागत नसेल तर थेट पोर्टलवरून सुरुवात केली तरी चालते, तक्रार त्याच यंत्रणेत जाते. पोर्टलवर पुरावे जोडताना स्क्रीनशॉटची रास टाकण्यापेक्षा खात्याचं स्टेटमेंट, ओटीपीचे एसएमएस आणि तो ई-मेल, एवढं नीट द्या.

ई-मेलचा नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. जीमेलमध्ये त्या ई-मेलवरच्या तीन ठिपक्यांत ‘मूळ दाखवा’ हा पर्याय असतो, तिथून मूळ फाइल उतरवून ठेवा. ई-मेल कोणत्या सर्व्हरवरून आला आणि पाठवणाऱ्याच्या नावाची तपासणी पास झाली की नापास, हे त्याच फाइलमध्ये असतं. पुढे कोर्टात किंवा आयोगात जायचं झालं तर अशा पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फाइलच नसेल तर प्रमाणपत्र कशाचं देणार?

या सेवेची मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. होल्ड लागला म्हणजे पैसे मिळाले असं नाही. ते अनोळखी माणसाच्या खात्यात अडकलेले असतात, आणि सोडवायला साधारणपणे मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५७ खाली, अर्ज करावा लागतो. काही ठिकाणी लोकअदालतीतही अशी प्रकरणं निकाली निघतात. कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात किती रक्कम होल्डवर आहे, याचं तपास अधिकाऱ्याचं पत्र मागून घ्या, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. त्याच खात्यात दहा जणांचे पैसे आले असतील तर वाटणीचा प्रश्न येतो, म्हणून आपल्या रकमेचा माग व्यवहार क्रमांकासह जोडा.

एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात घेतली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन माहिती दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिशिंगला माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६क आणि ६६ड लागतात असं कोणी लिहून देईल. ती इंग्रजी अक्षरक्रमाने ‘६६ सी’ आणि ‘६६ डी’ अशी लिहा, नाहीतर कागदावर चुकीचं कलम पडतं.

बँकेला तक्रार: इथे कसूर चालत नाही

शाखेत तोंडी सांगितलेली तक्रार नियमाच्या दृष्टीने जवळपास नसल्यासारखीच. काउंटरवरचे लोक बहुतेक वेळा सहानुभूतीने वागतात, पण ‘आधी एफआयआर आणा, मग बघू’ असं सांगून परत पाठवतात. नियमात अशी अट नाही. बँकेने तक्रारीची सोय चोवीस तास द्यायची आहे, आणि तक्रार मिळाल्याची पोच क्रमांक व वेळेसह द्यायची आहे. ती वेळ फार महत्त्वाची, कारण तिच्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. म्हणून फोनवर तक्रार क्रमांक घ्या, आणि त्याच दिवशी तोच क्रमांक लिहून बँकेच्या तक्रार कक्षाला व नोडल अधिकाऱ्याला ई-मेल करा.

तक्रारीचा गाभा म्हणजे घड्याळाप्रमाणे लिहिलेली यादी. उदाहरणादाखल:

२१.४७ — एसएमएस: मोबाइल ॲप नोंदणीसाठी ओटीपी. बनावट पानावर भरला.
२१.४९ — एसएमएस: नवा लाभार्थी जोडला. यासाठी ओटीपी आला नाही.
२१.५२ — आयएमपीएसने ४९,९९९ रुपये गेले. ओटीपी आला नाही.
२१.५३ — आयएमपीएसने ४९,९९९ रुपये गेले. ओटीपी आला नाही.
२२.०५ — ग्राहक सेवेला फोन, तक्रार क्रमांक मिळाला.
२२.११ — आणखी ४९,९९९ रुपये गेले.

या सहा ओळींत तीन वेगवेगळे दावे आहेत. २२.११ चा व्यवहार कळवल्यानंतरचा, त्याची जबाबदारी बँकेची, त्यात वादच नाही. २१.५२ आणि २१.५३ चे व्यवहार नुकत्याच नोंदलेल्या अनोळखी फोनवरून, नुकत्याच जोडलेल्या लाभार्थ्याला, मिनिटाच्या अंतराने, सारख्याच रकमेचे झाले. बँकेच्या देखरेखीला ते खटकायला हवे होते, हा सुरक्षाव्यवस्थेचा प्रश्न. आणि २१.४७ चा ओटीपी तुम्ही भरलात हे खरं आहे, ते लपवायचं नाही. इथे आमचा आग्रह आहे. ‘मी काहीच भरलं नाही’ असं खोटं लिहिलं आणि बँकेने नोंदी दाखवल्या, की बाकीचे दोन खरे दावेही बुडतात. काय भरलं ते नेमकं लिहा, आणि काय भरलं नाही ते त्याहून नेमकं लिहा.

त्याखाली माहिती मागा: प्रत्येक व्यवहाराचं माध्यम, फोनची ओळख आणि आयपी पत्ता, प्रत्येक ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता आणि कोणत्या मजकुरासह पाठवला, नव्या फोनवर नोंदणी झाल्याचा इशारा पाठवला का, नव्या लाभार्थ्याला लगेच मोठी रक्कम पाठवण्यावर बँकेच्या धोरणात काय बंधन आहे आणि ते लागू केलं का, आणि पैसे गेलेल्या बँकेला तुमच्या बँकेने किती वाजता कळवलं. सुरक्षेचं कारण सांगून बँक यातलं बरंचसं तुम्हाला देणार नाही. तरी मागा. मागितलं होतं आणि दिलं नाही, हे लोकपालासमोर उपयोगी पडतं, आणि तिथे बँकेला या नोंदी हजर कराव्या लागतात.

कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते. बँकेच्या भाषेत शॅडो रिव्हर्सल. ही रक्कम खात्यात दिसते, पण तिच्यावर लीन असतं, काढता येत नाही. तपासात दोष ग्राहकावर ठेवला तर ती परत उचलली जाते, म्हणून ‘पैसे आले’ समजून पाठपुरावा सोडू नका. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागला पाहिजे. त्या मुदतीत बँकेला ग्राहकाची जबाबदारी ठरवता आली नाही, तर नियमात ठरल्याप्रमाणे भरपाई द्यावी लागते. नव्वदाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नकाराचं पत्र आलं तर ते नीट वाचा. मोठ्या बँकांत बँकेनेच नेमलेला अंतर्गत लोकपाल असतो, आणि तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारण्याआधी ती त्याच्यासमोर जायला हवी. पत्रात त्याचा उल्लेख नसेल तर तेच पहिलं हरकतीचं कारण. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत चार्जबॅक, म्हणजे कार्ड कंपनीमार्फत व्यवहार उलटवणं, मागायला हरकत नाही, पण ओटीपीने झालेल्या व्यवहारात फसवणुकीच्या कारणावर चार्जबॅक सहसा टिकत नाही. ‘चार्जबॅक फेटाळला’ हे ‘तक्रार फेटाळली’चं उत्तर मात्र होऊ शकत नाही. पहिली कार्ड कंपन्यांच्या आपसातली व्यवस्था, दुसरा तुमचा हक्क.

लोकपाल: चांगली सेवा, पण कागदावर चालणारी

रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. कोणत्या शहरातला लोकपाल आपला, ही जुनी डोकेदुखीही या योजनेने संपवली. ही व्यवस्था आम्हाला मनापासून आवडते, कारण आटपाडीच्या माणसाला आणि मुंबईच्या माणसाला इथे एकच दार आहे.

तक्रारी परत येतात त्या मुख्यतः दोन कारणांनी. बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट इथे येणं, आणि ३० दिवस पूर्ण होण्याआधी येणं. बँकेने नकार दिला तर लगेच येता येतं, उत्तरच दिलं नाही तर ३० दिवस थांबायचं, आणि २०२१ च्या योजनेनुसार उत्तर मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत यायचं. फॉर्ममध्ये ‘हेच प्रकरण कोर्टात आहे का’ असं विचारतात. एफआयआर केली आहे म्हणून लोक ‘हो’ म्हणतात आणि तक्रार बाद होते. पोलीस तपास किंवा फौजदारी खटला यात मोडत नाही. ग्राहक आयोगात किंवा दिवाणी कोर्टात गेलात तर मात्र मोडतो. म्हणून आयोगाचं दार आधी ठोठावू नका.

२०२१ च्या योजनेत लोकपाल २० लाख रुपयांपर्यंत नुकसानभरपाई आणि मनस्तापापोटी १ लाखापर्यंत रक्कम देऊ शकतो. निवाडा तुमच्या बाजूने लागला तर तो मान्य असल्याचं पत्र ३० दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर निवाडा रद्द होतो. जिंकलेली रक्कम या एका पत्रापायी घालवू नका.

कमतरता सांगायची तर, ओटीपी दिल्याचं दिसलं की लोकपाल कार्यालय बऱ्याचदा फार खोलात जात नाही. पण त्याचा नकार शेवटचा नसतो. मुंबईतल्या एका कंपनीच्या बँक ऑफ बडोदामधल्या खात्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये ओटीपी न येताच लाभार्थी जोडले गेले आणि ७६,९०,०१७ रुपये गेले. लोकपालाने तक्रार फेटाळली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि २०१७ च्या परिपत्रकाच्याच आधारे सहा आठवड्यांत व्याजासह रक्कम द्यायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटी उच्च न्यायालयाचा असाच निकाल कायम ठेवला. त्यात स्टेट बँकेच्या ग्राहकाने तोतया ग्राहकसेवेच्या सांगण्यावरून ॲप घेतलं होतं, ९४,२०४ रुपये गेले होते, आणि त्याने २४ तासांत बँकेला कळवलं होतं. दोन्हीकडे ग्राहकाला वाचवलं ते तातडीच्या, लेखी, वेळेसह दिलेल्या तक्रारीने.

मोठी रक्कम असेल तर

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव अ‍ॅडज्युडिकेटिंग ऑफिसर असतो आणि ५ कोटींपर्यंतचे दावे ऐकतो. हे दार फार थोड्यांना माहीत आहे, आणि फिशिंगसाठी ते सर्वांत समर्पक आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या या अधिकाऱ्यापुढे पुण्यातल्या पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीचं प्रकरण आलं. संचालकाने फिशिंग ई-मेलला प्रतिसाद दिला होता आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले होते. ई-मेलला उत्तर दिल्याबद्दल काही भार ग्राहकावर टाकला गेला, पण चोरांची खाती नीट तपासणी न करता उघडल्याबद्दल बँकेला ४५ लाख द्यायला सांगितलं. त्याआधी २०१० मध्ये तमिळनाडूच्या अधिकाऱ्याने अबू धाबीत राहणाऱ्या एका भारतीयाला अशाच ई-मेलच्या प्रकरणात आयसीआयसीआय बँकेकडून १२.८५ लाख मंजूर केले होते. परदेशात राहून इथलं खातं चालवणाऱ्या मराठी लोकांनी हे दुसरं प्रकरण जरूर ध्यानात ठेवावं.

पुण्याच्या निकालातली गोष्ट इतर कुठल्याही मंचापेक्षा वेगळी आहे: पैसे ज्या खात्यात गेले त्याची केवायसी कशी झाली, हाही प्रश्न तिथे विचारता येतो. लोकपाल तुमच्या बँकेपुरतं बघतो, इथे दुसऱ्या बँकेलाही पक्षकार करता येतं. मात्र शुल्क दाव्याच्या रकमेनुसार वाढतं आणि वकील बहुतेक वेळा लागतो. म्हणून काही लाखांच्या आतल्या रकमेला लोकपाल, त्याने नाकारलं तर ग्राहक आयोग. तिथे ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षांची आहे आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवरून होतो.

या सगळ्या काळात ‘तुमचा परतावा आम्ही मिळवून देतो’ असे फोन आणि ई-मेल येतील. कधी बँकेच्या, कधी सायबर पोलिसांच्या, कधी थेट रिझर्व्ह बँकेच्या नावाने. १९३० किंवा लोकपाल कार्यालय प्रक्रिया शुल्क मागत नाही आणि ओटीपीही मागत नाही. बँकेचा क्रमांक शोधयंत्रातून घेऊ नका, कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा वापरा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर आली आहेत, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. परताव्याची लिंक पाठवणाऱ्या पत्त्याचा शेवट तसा नसेल, तर तो ई-मेल न उघडता आधीच्याच पोचक्रमांकासह पोर्टलवरच्या तक्रारीला जोडा.